चौथ्या चित्रातलं वासरू

आमच्या घरात दोन दळणं चालत. माजघरात आईचं तांदळाचं जातं आणि परसात छापखान्याच्या शिळा. आईचं जातं थांबायच्या सुमाराला शिळांचं घासणं सुरू होई, त्यामुळे लहानपणी माझी समजूत अशी की प्रत्येकाच्या घरी दुपारपर्यंत काहीतरी दळलंच जातं. तात्यांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, शिळाछापखाना होता. छापखाना म्हणजे फार काही डोळ्यांपुढे आणू नका. कल्याणात खाडीकडे उतरणाऱ्या आळीतलं कौलारू घर, ओटीवर एक लाकडी यंत्र, पडवीभर दोऱ्यांवर वाळत घातलेले कागद आणि जिन्याखाली भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या सात शिळा. विलायतेहून गलबतातून आलेला पिवळसर, साईसारखा गुळगुळीत दगड. त्यावर तेलकट शाईनं सगळं उलटं काढायचं, कागदावर ते सुलटं उमटे. काम संपलं की बारीक वाळू आणि पाणी टाकून एका शिळेवर दुसरी शिळा घासायची, जुनं पार जाईपर्यंत. पंचांग पुसून लग्नपत्रिका, लग्नपत्रिका पुसून जप्तीची नोटीस, नोटीस पुसून पुन्हा पंचांग. सातांपैकी मोठ्या आणि बिनडागाच्या अशा शिळा दोनच होत्या. चित्राचं काम त्या दोहोंवरच होई. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावर बसलेलं आहे.

मी विशीकडे आलो तेव्हा घासायचं काम पोशीचं. खाडीपलीकडच्या मिठागरावरची आगरी बाई, माझ्याच वयाची. ओहोटी बघून तरीच्या होडीनं यायची, डोक्यावर वाळूची पाटी, पाटीच्या कडेला फडक्यात बांधलेलं मीठ. पाठीशी तिची दोन-अडीच वर्षांची मुलगी, काशी, तिला परसातल्या पेरूखाली सोडून द्यायची. पोशीचं मीठ आई हातात घ्यायची. पोशीच्या हातचं पाणी मात्र चालायचं नाही. शिळेवर ओतायचं पाणीसुद्धा आईनं विहिरीतून काढून दुरून तिच्या घागरीत ओतायचं. मीठ चालतं आणि पाणी चालत नाही, यावर मी पुढे चार पानांचं एक पत्रक काढलं होतं. त्या पत्रकाचा खप बरा झाला आणि पाण्याचं तसंच राहिलं.

चारचौघांत पोशी मला ‘भाऊ’ म्हणे. परसात कुणी नसलं की ‘देवभाऊ’. हे नातं जगात आमच्या दोघांतच होतं, त्यामुळे त्याला शब्दही तिनंच पाडलेला, देवीच्या रोगावरून. मी दीड वर्षाचा असताना आमच्या भागात देवीची साथ आली. सरकारातून देवी काढायला राघूकाका होते, तात्यांचे लहानपणचे स्नेही. त्या वेळी लस बाटलीतून येत नसे. एका मुलाच्या दंडावर टोचायचं, आठव्या दिवशी तिथं फोड भरला की त्यातलं पाणी टोचणीच्या टोकावर घेऊन दुसऱ्याच्या दंडात घालायचं, त्याचं भरलं की तिसऱ्याच्या. दंडावरून दंडावर. आमच्या आळीचा पहिला प्रश्न साहजिकच असा, की पहिला दंड कुणाचा? कुणाचा कोण, त्याचं पाणी आमच्या पोरांच्या रक्तात? आळीनं दारं लावून घेतली आणि आठ दिवसांत तीन पोरं गेली. तेव्हा राघूकाका एका दुपारी परसदारानं आमच्याकडे आले. बरोबर मिठागरावरची गोमाबाय, कडेवर तिची पोशी, पोशीच्या दंडावर भरलेला फोड. गोमाबायचा थोरला मुलगा त्याच साथीत गेला होता. म्हणून तिनं धाकटीला टोचून घेतलं होतं आणि म्हणूनच ती दुसऱ्यांच्या पोरांसाठी उन्हातून चालत आली होती. तात्यांनी मला पुढे केलं. पोशीच्या दंडावरून माझ्या दंडावर. आठ दिवसांनी माझा फोड भरला आणि माझ्या दंडावरून सगळ्या आळीला. कुणी विचारलं, कुणाची लस, तर राघूकाका सांगत, तात्यांच्या सदूची. ब्राह्मणाचा दंड म्हटल्यावर त्याच्या आधी काय, हे कुणी विचारलं नाही. विचारायचं नाही हेही सगळ्यांना बरोबर कळलं होतं. आमच्या आळीत अडाणी कुणी नव्हता.

आई ते विसरली नाही, इतकं तिच्या बाजूनं लिहितो. श्रावणात शिळासप्तमीला चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीचं थंड खायचं. त्या दिवशी आई दहीभात, पुऱ्या आणि गुळाच्या घाऱ्या केळीच्या पानावर वाढून, देवाला दाखवायच्या आधी परसदारी गोमाबायसाठी ठेवायची. देवाच्या आधी. गोमाबाय गेल्यावर ते पान पोशीला. पान ठेवून आई तीन पावलं मागं सरायची. ती तीन पावलं मला आज सत्तरी ओलांडल्यावरही मोजता येतात. पान खरं आणि पावलंही खरी. पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला अशा गोष्टीचं काय करायचं ते कळत नाही.

आणि मी तर तेव्हा नखशिखांत पत्रक होतो. वय एकोणीस-वीस, शाळा सोडलेली, हाताशी बापाचा छापखाना आणि डोक्यात आग. आठवड्याला एक चोपडं. गावच्या विहिरींवर, देवळाच्या पंचांवर, हुंड्यावर, दक्षिणेवर. मथळे असे, की वाचणाऱ्याला नुसत्या मथळ्यानंच घाम फुटावा. तात्या ते सगळं निमूट छापून देत, फक्त विचारत, “आज कुणाची पाळी?” आई म्हणायची, “अरे, एखादं चांगलं कुणाबद्दल लिही की. हाताला सवय राहील.” मला ते विनोद वाटत. आता वाटत नाहीत.

राघूकाका गेले त्याला वर्ष होत आलं तेव्हा ठाण्याच्या रावसाहेबांनी मनावर घेतलं. रावसाहेब म्हणजे पेन्शनीत निघालेले मोठे अंमलदार, सुधारकांच्या सभेचे कायमचे अध्यक्ष आणि कल्याणातल्या मुलींच्या शाळेच्या मंडळाचे कर्ते. शाळेच्या बक्षीस-समारंभाला मुलींना वाटायला राघूकाकांचं छोटं चरित्र काढायचं, आठ चित्रं, चित्राखाली दोन-दोन ओळी, हातानं रंगवलेलं. मुलांसाठी चित्रांचं चरित्र असं आमच्या भागात कुणी पाहिलं नव्हतं. ओळी मी लिहायच्या, चित्रं तात्यांनी काढायची, आणि शिळेवरचं काम कायम करण्याआधी प्रत्येक चित्राचा नमुना ठाण्याला मंडळापुढे ठेवायचा. नमुने न्यायचं काम माझं.

पहिल्या चित्रात राघूकाका लहानपणी समईच्या उजेडात अभ्यास करताहेत. तात्या हसत सुटले. “राघ्या? समईशी? आयुष्यात समईतलं तेल पळवलं असेल त्यानं, पेरूच्या झाडाला ओतायला.” पण काढलं. दुसऱ्यात ते तरीतून खाडी उतरतात. त्यावर मंडळाचा शेरा आला, चेहऱ्यावरचे वण काढून टाकावेत, मुली घाबरतील. तात्यांनी शेरा दोनदा वाचला. “ज्याला स्वतःला देवी येऊन गेल्या म्हणून जो या कामाला लागला,” ते म्हणाले, “त्याचं तोंड गुळगुळीत करायचं?” मग चाकूच्या टोकानं एकेक वण खरवडून काढला. तिसऱ्या चित्रात लोक राघूकाकांवर दगड मारताहेत. तात्यांनी काढलेल्या लोकांच्या डोक्यांवर पागोटी होती. शेरा आला, पागोटी नकोत. बरोबरच होतं म्हणा. पागोटं दाखवलं की जात आली आणि जात आली की ती जात शाळेच्या दारात येऊन उभी राहणार. तेव्हा दगड मारणारे सगळे बोडके झाले. कुठल्या देशचे म्हणून कळायला मार्ग नाही, चंद्रावरूनच उतरले असावेत.

या तिन्ही वेळी मी काय केलं? काही नाही. तणतणलो, आणि नवे नमुने घेऊन ठाण्याची गाडी पकडली. माझी सगळी बारूद मी चौथ्या चित्रासाठी राखून ठेवली होती. चौथं चित्र म्हणजे परसातली ती दुपार. मंडळानं आराखड्यात लिहून दिलं होतं: ‘राघोबा आपल्या स्नेह्याच्या पुत्रास लस टोचतात.’ म्हणजे मी, आईच्या मांडीवर, कमरेला चांदीची साखळी घालून, ठाण्या-कल्याणातला पहिला शूर बालक. मी तात्यांना सांगितलं, हे चित्र काढाल तर माझं नाव बदलून टाका. तात्या म्हणाले, “मी कुठं काढतोय म्हटलं? पोशीला विचार.”

पोशी शिळेवर वाकून घासत होती. मी पायरीवर उभा राहून सगळं सभेतल्यासारखं समजावलं. सत्य, न्याय, पुढची पिढी. तिनं हात थांबवला नाही.

“मंजे मना काढनार तुमी, कागदावर?”

“तुलाच. पहिला दंड तुझा होता.”

“मी क्या केला? मी रडलू असन. मना नको काढू, माज्या आयेला काढ. चालत आली ती. मना तर तिनी उचलून आनली, गोनीसारकी.”

“दोघींना काढू की.”

आता तिनं हात थांबवला. “आयेचा तोंड येल त्यान?”

“तात्यांना आठवतंय.”

“मग मना एक कागद देशील? काशीनं आजी बगलीच नाय. तिला दावीन.” आणि मग, बहुतेक आपण फार मागितलं असं वाटून, “फाटका असला तरी चालल, देवभाऊ. कोपरा फाटका.”

तात्यांनी त्या चित्राला अकरा दिवस लावले. मधेच आईला हाक मारत, “अगं, तिच्या कानात काय होतं तेव्हा? बुगडी का?” आई आतून सांगे, “कान मोकळे होते हो. मुलाच्या वेळी विकलं होतं ना सगळं.” मग ते कान पुन्हा काढायचे. टोचणी उजव्या हातात दिसायला हवी तर शिळेवर डाव्या हातात काढावी लागते, पण गोमाबायचा चेहरा उलटा काढताना त्यांना त्रास होत होता. चेहरा काही दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. अर्धा ते आरशात बघून काढत. शेवटी नमुन्याचा एकच कागद काढला. आम्ही सगळे पडवीत जमलो. राघूकाका बसलेले, त्यांच्यासमोर मातीत बसलेली गोमाबाय, पोरीचा हात कोपरापासून धरून पुढे केलेला, आणि ती पोरीकडे बघत नव्हती, पलीकडे पायरीवरच्या आईच्या मांडीवरच्या पोराकडे बघत होती. माझ्याकडे. आईनं पदर डोळ्यांना लावला. पोशी अंगणात उभी, हात चिखलाचे म्हणून मागे बांधलेले. कागद मी तिच्यासमोर धरला. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “रागावलीच हाय. मना बोलाची, हलू नको गो.” मग काशीला उचलून दाखवलं, “ही बग आजी.” काशीनं बोट लावलं, मी कागद झटकन मागे घेतला, नमुना खराब होईल म्हणून. “मंडळानं पाहिला की हाच कागद तुझा,” मी म्हटलं. “परवा परत आणतो.”

रावसाहेबांचा बंगला तळ्याकाठी होता. त्यांनी मला खुर्ची दिली, हे लिहायला हवं. वाईट माणूस असता तर आज इतकं टोचलं नसतं.

“चहा घेणार, का तोही तुमच्या एखाद्या पत्रकात निषिद्ध झालाय?”

मी घेतला. त्यांनी चित्र खिडकीशी नेलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

“उत्तम आहे. अडचण तीच आहे. वाईट असतं तर खपून गेलं असतं. या बाईकडे एकदा पाहिलं की माणूस विचारतोच, ही कोण?”

“विचारू देत. खरं आहे ते.”

“खरं मलाही ठाऊक आहे, सदाशिवराव. राघोबांनी स्वतः सांगितलंय मला. तुमच्या आळीतल्या किती मुली आमच्या शाळेत आहेत? अकरा. हे पुस्तक त्यांच्या घरी जाणार, आजोबा उघडणार. दुसऱ्या दिवशी अकरांतल्या किती येतील? तुम्हीच सांगा. मुली शाळेत हव्यात, का चित्रात आगरीण हवी?”

याला उत्तर होतं. असणार. पन्नास वर्षं शोधतोय.

“मग काय काढायचं?” मी विचारलं.

“वासरू,” रावसाहेब म्हणाले.

मला वाटलं ते थट्टा करताहेत. पण ते मनापासून सांगत होते. हल्ली लस वासराच्या अंगावर तयार करून मुंबईहून येऊ लागली आहे, मग राघोबांच्या चित्रात वासरू असलं तर ते तसं खोटंही नाही, नुसतं थोडं लवकर आलं इतकंच. गोमातेची कृपा म्हटल्यावर कुणाचे आजोबा तक्रार करणार? “आणि एक लक्षात घ्या,” ते म्हणाले, “पुस्तक मुलांचं आहे. मुलांना वासरू आवडतं.”

मी उभा राहिलो. काय काय बोललो ते सगळं आता आठवत नाही. ढोंगी म्हटलं, पेन्शनीतले सुधारक म्हटलं, गुळगुळीत तोंडाचे म्हटलं. ते ऐकून घेत होते, आणि त्या ऐकून घेण्यानं माझं डोकं आणखी फिरलं. टेबलावरचा नमुना उचलला, “तुमच्या शाळेला हे चित्र बघायची लायकी नाही,” म्हणालो, आणि फाडला. चार तुकडे, मग आठ. त्यांच्या गालिच्यावर टाकले. रावसाहेब वाकून ते गोळा करायला लागले तेव्हा मी दाराबाहेर पडलो होतो. फार शूर वाटत होतं. गाडी ठाण्याच्या खाडीवर आली तेव्हा आठवलं की तो कागद पोशीचा होता.

पण शिळा होती ना. शिळेवर चित्र जसंच्या तसं होतं, हवे तितके कागद निघाले असते. त्यामुळे मी ते मनातून काढून टाकलं आणि डब्यात बसूनच पत्रक लिहायला घेतलं. कल्याण येईपर्यंत तीन पानं झाली होती. ‘ठाण्याचे वासरू’ हा मथळा. इतकं चांगलं मी आधी कधी लिहिलं नव्हतं, नंतरही नाही. घरी आलो तर तात्या कागद आणायला मुंबईस गेलेले, तीन दिवसांनी परतणार. तोवर थांबायला मी तयार नव्हतो. बातमी ताजी असतानाच घाव बसला पाहिजे. पत्रक मोठ्या कागदावर, दोन्ही बाजूंनी काढायचं, म्हणजे मोठी शिळा हवी. दोनांपैकी एकीवर पंचांगाचं अर्धं काम पडलेलं, गिऱ्हाइकाचं, त्याला हात लावणं शक्य नव्हतं. उरली दुसरी.

पोशी ती शिळा उचलून परसात घेऊन आली. मी पायरीवर बसून मजकूर निवडत होतो.

“देवभाऊ, ही पुसू?”

“हो.”

“माजी आय हाय ना हिच्यावर.”

“तात्या पुन्हा काढतील गं. आता घाई आहे. हे तुझ्यासाठीच तर चाललंय सगळं.”

ती उभीच. “एक कागद छापून नाय घेत आदी?”

एक कागद छापून घ्यायचा तर शाई चढवायची, यंत्र लावायचं, अर्धा तास. मी मान वर न करता म्हटलं, “नंतर. पूस.”

आणि तिनं पुसली. वाळू टाकली, पाणी टाकलं, वर दुसरी शिळा ठेवली आणि घासायला लागली. तो आवाज मी जन्मभर ऐकत आलो होतो, म्हणून त्या दिवशी मला तो ऐकूच आला नाही. मी तिथंच, पाच हातांवर, ‘दडपलेल्या सत्याचा पुकारा’ असा एक शब्दप्रयोग लिहीत होतो. तिनं मान वर केली असेल तर मी पाहिली नाही. काशी पेरूखाली मातीच्या चकत्या करत होती.

पत्रक दोन दिवसांत निघालं, गावात वाटलं गेलं, ठाण्यालाही गेलं. पोशीनं मला अडवलं. “काय लिवलास, वाच ना जरा.” मी परसात उभा राहून आठही पानं वाचली, आवाज चढवून, जिथं टाळ्या पडायच्या तिथं थांबून. ती शिळेला टेकून ऐकत होती. वाचून झालं.

“झाला?”

“झालं. कसंय?”

“यान माजी आय कंच्या पानावर हाय?”

मी पानं चाळली. खरंच चाळली, कुठेतरी असेल या खात्रीनं. रावसाहेब पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत होते. आळी होती, मंडळ होतं, चहा होता. मी तर ओळीओळीला होतो. तिसऱ्या पानावर ‘एका आगरी स्त्रीची पोर’ असे चार शब्द होते. गोमाबायचं नाव नव्हतं, चालत येणं नव्हतं, गेलेला मुलगा नव्हता. मोकळे कान नव्हते.

“हे इथं,” मी म्हटलं, आणि चार शब्द पुन्हा वाचले.

“हां,” पोशी म्हणाली, आणि पाणी मागायला आईकडे गेली.

तात्या आले. पडवीत पत्रकांची चळत बघितली, जिन्याखाली जाऊन शिळा बघितली, परत आले. मी म्हटलं, तुम्ही पुन्हा काढाल म्हणून. “काय बघून काढू?” ते म्हणाले. “अठरा वर्षांपूर्वी एका दुपारी पाहिलेली बाई ती. एकदा आठवली. शिळेवर ठेवून दिली म्हणजे आता डोक्यात ठेवायला नको, असं वाटलं मला.” त्यांनी खरंच प्रयत्न केला. कागदावर चारदा काढली. प्रत्येक वेळी कुणी वेगळीच बाई आली. चौथ्यांदा आलेली बाई फार सुंदर होती. तात्यांनी ती चुलीत घातली.

पत्रकाचं काय झालं असं कुणाला वाटत असेल, तर काहीही नाही. आळीनं ते चवीनं वाचलं आणि ठरवलं की तात्यांचा सदू भरकटला, बापाच्या मित्रावर घाण उडवतो. खोटंच ठरल्यामुळे कुणाला प्रायश्चित्तही घ्यावं लागलं नाही. अकराही मुली शाळेत गेल्या. माझ्यावर बहिष्कारसुद्धा पडला नाही, याचं मला त्या वयात सर्वांत जास्त दुःख झालं. रावसाहेबांचं पत्र आलं, तात्यांच्या नावे, सभ्य, माझा उल्लेख नसलेलं. पुस्तकाचं काम तुमच्याकडेच ठेवावं अशी इच्छा आहे. सोबत पाकिटात आठ तुकडे. आई ते ताटात मांडून खळीनं चिकटवायला बसली. पण मी फाडताना जोर केला होता तो नेमका मधोमध. चेहरा होता तिथं कागदाचे नुसते तंतू उरले होते. कोपरे मात्र चारही शाबूत होते.

तात्यांनी वासरू काढलं. छान काढलं, त्यांना वाईट काढता येत नसे. राघूकाका गुळगुळीत तोंडानं बसलेले, पुढे गळ्यात घंटा घातलेलं वासरू, मागे आईच्या मांडीवर चांदीच्या साखळीतला मी. समारंभ जवळ आला होता, रंगवायला हात कमी पडत होते. आई बसली, शेजारच्या दोघी बसल्या, आणि शेवटी मीही बसलो. त्याआधी दोन दिवस मी बसणार नाही म्हणून गर्जना करत हिंडत होतो, तेही खरं. माझ्याकडे वासराची नाकं आली. शंभरावर वासरांची नाकं मी गुलाबी केली, कुंचल्याचा एक टिपका, पुढचा कागद, एक टिपका, पुढचा कागद. पन्नासएक नाकांनंतर हात बसतो आणि नाकं सुबक येऊ लागतात. याची लाज तेव्हा वाटली नाही, आता वाटते.

शेवटच्या दिवशी रंग पसरलेले, डागाळलेले कागद परसात जाळायला काढले होते. पोशी शिळा धुऊन ठेवत होती. काशी त्या ढिगाशी उकिडवी बसली होती. तिनं एक कागद ओढून काढला. वासराचाच, शेपटीवर निळा डाग पडलेला. तो तिनं दोन्ही हातांनी पोटाशी धरला. मी म्हटलं, “काशे, ठेव ते, जाळायचंय.” ती ठेवीना. ओढायला गेलो तर मोठ्यानं रडायला लागली.

पोशी पदराला हात पुसत आली. मला वाटलं, आता ही तो कागद पोरीच्या हातातून घेईल आणि फाडेल. मला ते हवंही होतं. म्हणजे निदान आम्ही दोघं एकसारखे झालो असतो.

“नेऊ दे ना, भाऊ,” ती म्हणाली. परसात तेव्हा आमच्याशिवाय कुणी नव्हतं, तरी भाऊ म्हणाली. “पोरीला वासरू आवारलाय.”

मी हात मागे घेतला. तिनं कागद नीट गुंडाळून, चुरगळू नये म्हणून मिठाच्या फडक्यात बांधला, पाटी डोक्यावर घेतली, पोरीचा हात धरला आणि भरती लागायच्या आत तरीकडे निघून गेली. दोघीजणी आळीच्या उतारावरून दिसेनाशा होईपर्यंत काशी मान वर करून पाटीतल्या फडक्यातून डोकावणाऱ्या त्या कागदाकडे बघत चालली होती.